गाडीच्या विम्याचा हप्ता नेमका ठरतो कसा? (आणि माझ्या साडूलाच तो स्वस्त का?)

वेताळटेकडी

मंडळी, डोकं तापलंय म्हणून धागा काढतोय. आधी असा धागा येऊन गेला असेल तर माफी.

गाडी नोव्हेंबर २०२२ ची, ११९७ सीसी, पेट्रोल, पुण्याचं पासिंग. घर ते ऑफिस, रविवारी मंडई आणि दिवाळीत गाव, एवढाच तिचा संसार. तीन वर्षांत बारा हजार किलोमीटरही झाले नाहीत. गेल्या वर्षी विम्याचे ८,५२८ रुपये भरले होते. यंदा शोरूमवाल्यांचा मेसेज आला: १८,९१५ रुपये, खाली लिंक, 'आजच भरा'.

हेही गिळलं असतं. पण माझा साडू कोल्हापूरला असतो. तेच मॉडेल, तेच इंजिन, माझ्यानंतर तीन महिन्यांनी घेतलेलं. तो महिन्यातून दोनदा आंबोली उतरून गोव्याला जातो आणि गाडीच्या चारही कोपऱ्यांवर त्या सहलींच्या आठवणी आहेत. त्याने फेब्रुवारीत भरले ५,१६०. हा आकडा त्याने जेवताना, सगळ्यांसमोर, सहज बोलता बोलता सांगितला. तेव्हापासून घरात 'तुम्हाला कुणीही गंडवतं' हे पालुपद चालू आहे.

जो गाडी जपतो त्याला जास्त आणि जो ठोकत फिरतो त्याला कमी, हा काय हिशेब आहे? हे ठरवतं कोण?

आळसोबा

रुमाल टाकून ठेवतो. माझाही पुढच्या महिन्यात आहे.

फुकटचा_सल्ला

रंग लाल आहे का? लाल गाडीला जास्त लागतो, लोक जोरात चालवतात म्हणून.

सहावा_गिअर

@फुकटचा_सल्ला, आयडीला जागलात. रंगाचा आणि हप्त्याचा आपल्याकडे काडीचा संबंध नाही.

@वेताळटेकडी, एकूण रकमेवरून कोणीच काही सांगू शकणार नाही. कोटेशनच्या पीडीएफमध्ये ओडी (आपल्या गाडीच्या नुकसानीचा), टीपी (समोरच्याच्या नुकसानीचा) आणि अ‍ॅड-ऑन असे वेगळे आकडे असतील, ते इथे टाका. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि एनसीबी (क्लेम न घेतल्याची सूट) हेसुद्धा.

वेताळटेकडी

पीडीएफ पहिल्यांदाच उघडली, कबूल. घ्या:

आयडीव्ही ५,६०,०००. ओडी ७,३५४. झिरो डेप (क्लेममध्ये घसारा न कापण्याचा) २,२४०, इंजिन ८४०, कन्झ्युमेबल्स ४५०, चावी ३००, टायर १,१००. टीपी ३,४१६. पीए, म्हणजे चालकाचा अपघात विमा, ३३०. वर जीएसटी १८ टक्के. एनसीबीसमोर ० लिहिलंय.

चावीचा विमा म्हणजे काय प्रकार आहे? माझी चावी गेली साठ वर्षं हरवलेली नाही. म्हणजे वडिलांच्या स्कूटरपासून धरून.

पंचनामा

बावीस वर्षं मोटार सर्व्हेयर म्हणून, म्हणजे क्लेमच्या गाड्यांचं नुकसान मोजायचं, काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

तुमच्या हप्त्याचे दोन तुकडे पूर्णपणे वेगळ्या ठिकाणी ठरतात. टीपी, म्हणजे थर्ड पार्टी, हा सरकारी भाव. तो दिल्लीत रस्ते वाहतूक मंत्रालय इर्डाशी, म्हणजे विमा नियामकाशी, बोलून ठरवतं. १ जून २०२२ पासूनच्या तक्त्यात खासगी कारला १००० सीसीपर्यंत २,०९४, १००० ते १५०० ला ३,४१६ आणि १५०० च्या वर ७,८९७. कुठलीही कंपनी घ्या, कुठलंही गाव घ्या, यात घासाघीस नाही. तुमची ११९७ सीसी म्हणून ३,४१६. एकाच वॅगन आरचं ९९८ सीसी इंजिन घेतलं असतं तर २,०९४ लागले असते, ११९७ वालं घेतलं की ३,४१६. गाडी बाहेरून तीच.

ओडी म्हणजे ओन डॅमेज, आपल्या गाडीचं नुकसान. इथे बाजार मोकळा आहे. १ जानेवारी २००७ आधी यालाही ठरलेला दर होता. २००२ चं जुनं टॅरिफचं पुस्तक होतं, ते कंपन्या आजही पाया म्हणून धरतात आणि त्यावर आपापली सूट देतात. त्या पुस्तकात भारताचे दोन झोन आहेत. झोन ए मध्ये मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद ही आठ शहरं. उरलेला सगळा देश झोन बी. पाच वर्षांच्या आतली, १००० ते १५०० सीसीची गाडी असेल तर झोन ए ला आयडीव्हीच्या ३.२८३ टक्के आणि बी ला ३.१९१ टक्के.

आता तुमचं बघा. ५,६०,००० चे ३.२८३ टक्के म्हणजे १८,३८५. कोटेशनमध्ये ७,३५४ आहेत. म्हणजे तुम्हाला बरोबर ६० टक्के सूट दिली आहे. ही सूट हाच खरा खेळ. कंपनी बघते की या मॉडेलचे क्लेम किती येतात, सुटे भाग किती महाग आहेत, या आरटीओच्या गाड्यांचा अनुभव काय, पेट्रोल की डिझेल, गाडी किती जुनी. हल्ली साध्या गाडीलाही एलईडी हेडलाइट असतात. दिवा फुटला तर बल्ब बदलून भागत नाही, अख्खं युनिट टाकावं लागतं. पूर्वी बंपर म्हणजे पत्र्याची पट्टी होती, आता त्यात सेन्सर, जाळी, क्लिपा. हे सगळं त्या सुटीत मोजलेलं असतं. आणि मधला माणूस कोण, हेही.

राहिला तुमचा एनसीबीचा शून्य. तो का, हे तुम्हीच सांगा.

आळसोबा

पंचनामाकाका, दंडवत. वाचनखूण साठवली.

रंकाळ्यावरून

म्हणजे आमच्या गावाला झोन बी म्हणून स्वस्त लागतं, असं नाही तर! ३.२८३ वजा ३.१९१ म्हणजे चिमूटभर.

सहा लाखांच्या गाडीवर मी मांडून बघितलं. पुण्यात १९,६९८, कोल्हापुरात १९,१४६. दोन्हीवर ६० टक्के सूट आणि ३५ टक्के एनसीबी धरली तर फरक राहतो १४३ रुपये. एका पांढऱ्या रश्श्याच्या ताटाचेही पैसे नाहीत. वेताळ भाऊ, साडूचं पाणी वेगळं आहे, गावाचं कौतुक त्यात नका धरू.

पण एक बोलतो. त्या पुस्तकात पंचगंगा कुठेच धरलेली नाही. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा आमच्या गल्लीतल्या गाड्या बोनेटपर्यंत पाण्यात होत्या. २०१९ ला शेजारच्या काकांनी पाणी ओसरल्यावर काय केलं, तर आधी किल्ली फिरवली. 'बघू चालू होते का.' एक खट् आवाज आला आणि संपलं. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टनला ते पाणी दाबता येत नाही, रॉड वाकतो. सीट, गालिचा, वायरिंग सगळं साध्या पॉलिसीत मिळालं, इंजिनाचे पैसे नाहीत. परिणामी नुकसान म्हणे. चुलतभावाने किल्लीला हात न लावता गाडी ओढून नेली, तेल बदललं, साफ केलं, आजही चालते.

तेव्हा ८४० चा इंजिन कव्हर काढू नका. चावीचा काढा.

कुर्ला_स्लो

+१. २६ जुलै २००५ ला आमची झेन कलिन्याला दोन दिवस पाण्याखाली होती. तेव्हा असला कव्हर कोणी विकतही नव्हतं. वडील अजून पाऊस सुरू झाला की गाडी फ्लायओव्हरवर लावून येऊ का विचारतात.

घाटाखालची

मुळात विमा काढायचाच कशाला? साडू ठोकून फिरतोय आणि त्याचं काही होत नाहीये. हलके घ्या.

कोर्टाची_पायरी

हलकेच घेतलंय, तरी यावर लिहायलाच हवं. विनाविमा गाडी पकडली तर पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडलात तर ४,००० दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंड हा किरकोळ भाग. टीपीचे ३,४१६ कशाचे लागतात हे लोकांना ठाऊक नसतं म्हणून एक हिशेब मांडतो. मोटार अपघात न्यायाधिकरणात रोज हेच काम करतो.

समजा तुमच्या गाडीखाली तीस वर्षांचा माणूस गेला. महिना पंचवीस हजार कमावणारा, स्वतःचा छोटा धंदा, मागे बायको, मुलगा आणि आई. वर्षाचं उत्पन्न ३ लाख. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या अशा माणसाचं उत्पन्न पुढे वाढलं असतं म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे: ४ लाख २० हजार. त्याचा स्वतःवरचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा: २ लाख ८० हजार. मग २००९ च्या सरला वर्मा निकालातला वयाचा गुणक लावायचा. २६ ते ३० वयाला तो १७ आहे. झाले ४७ लाख ६० हजार. अंत्यविधी वगैरे किरकोळ रकमा आणि व्याज वेगळं.

ही रक्कम मृत्यू किंवा इजेच्या बाबतीत कंपनीला अमर्याद द्यावी लागते. मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची मर्यादा आहे. विमा नसेल तर हे सगळं गाडीमालकाच्या सातबाऱ्यावर. दोघांच्या जमिनी विकताना मी पाहिल्या आहेत, एकाला तर मी स्वतः कागद करून दिले.

गाडी तुमची मारुती आहे की मर्सिडीज, याचा त्या गुणकाशी संबंध नाही. समोर कोण आला यावर सगळं. म्हणून एका सीसी गटात टीपीचा भाव सगळ्यांना सारखा आणि सरकारी.

घाटाखालची

शब्द मागे. विमा भरते.

बे_एरिया_बंड्या

धागा वाचून मजा वाटली, कारण इकडे कॅलिफोर्नियात सगळं उलट आहे. तुमच्याकडे हप्ता गाडीला लागतो, आमच्याकडे माणसाला. १९८८ ला इथे मतदान होऊन कायदा झाला, प्रपोझिशन १०३. त्याप्रमाणे सगळ्यात जास्त वजन तुमच्या ड्रायव्हिंग रेकॉर्डला, मग वर्षाला किती मैल चालवता त्याला, मग किती वर्षं गाडी चालवताय त्याला. बाकी सगळं नंतर.

मुलाला सतराव्या वर्षी लायसन्स मिळालं आणि त्याचं नाव पॉलिसीत घातलं. नवा आकडा पाहून बायको म्हणाली, याला सायकल घेऊन देऊ. गाडी तीच, पार्किंग तेच, फक्त एक मुलगा वाढला.

टेक्सासमधल्या मित्राचा हप्ता क्रेडिट स्कोअरवरही ठरतो. आमच्याकडे त्याला बंदी आहे.

धुक्यातली_भटकी

यूकेमध्ये पिनकोड बदलला की हप्ता बदलतो. आम्ही घर बदललं, दोन गल्ल्या पलीकडे, आणि वर्षाचे चांगलेच पौंड वाढले. पूर्वी बायकांना स्वस्त लागायचं, पण युरोपच्या न्यायालयाने ते भेदभाव ठरवलं आणि २१ डिसेंबर २०१२ पासून बंद झालं. नवरा म्हणतो, तेवढं एक दुःख तरी आता नाही.

नव्या मुलांच्या गाडीत ब्लॅक बॉक्स बसवतात. ब्रेक कसा मारला, रात्री किती वाजता बाहेर होता, सगळं कंपनीला कळतं. आईला कळत नाही एवढं.

सहावा_गिअर

म्हणजे वेताळ भाऊंचा मूळ सूर बरोबर होता. आपल्याकडे जपून चालवणाऱ्याची पावती कुठेच नाही.

पंचनामा

अगदीच नाही असं नाही, एनसीबी तीच पावती आहे. फक्त ती 'कसं चालवलं' याची नसून 'क्लेम मागितला का' याची आहे. हा फरक कळला की साडूचं कोडं सुटेल, असा माझा अंदाज आहे.

वाहतूक पोलिसांच्या चलनांचा विमा हप्त्याशी मेळ घालायचा मसुदा इर्डाच्या एका गटाने २०२१ च्या सुरुवातीला काढला होता. सिग्नल तोडला, दारू पिऊन चालवली की त्याप्रमाणे वेगळा हप्ता.

आळसोबा

पुण्यात हे आलं तर कंपन्यांना शेअर विकायची गरज राहणार नाही, सगळा नफा आमच्याच चलनांतून.

चिरेबंदी

मी म्हापश्याचा. वाचून इतका वेळ गप्प होतो, पण ते 'गोव्याच्या सहलींच्या आठवणी' वाचून राहवत नाही. दर शनिवारी एमएच पाटीची एक तरी गाडी आमच्या चिऱ्याच्या कुंपणाला घासून जाते. रस्ता दोन स्कूटरींचा, माणूस गूगल मॅप बघून चाललेला. आमचे चिरे निखळतात, त्यांचं पॅनल जातं, मग खाली उतरून 'काका, जरा पाणी मिळेल का'. वेताळबाब, तुमच्या साडूची गाडी करड्या रंगाची आहे का?

वेताळटेकडी

आहे! अहो खरंच करडी आहे. मागचा डावा कोपरा?

चिरेबंदी

नाव सांगत नाही. पण पाणी दिलं होतं.

कुर्ला_स्लो

हाहाहा. धाग्याचे पैसे वसूल.

फुकटचा_सल्ला

बरं, उपयोगाचं सांगतो. ऑनलाइन भरताना 'गेल्या वर्षी क्लेम घेतला का' असं विचारतात. तिथे 'नाही' टिक करा, एनसीबी लागते, दोन-तीन हजार वाचतात. कोण बघतंय.

पंचनामा

सगळे बघतात. कंपन्यांकडे क्लेमची माहिती एकमेकांना मिळते, आणि नसली मिळाली तरी मोठा क्लेम आला की पहिलं काम जुन्या कंपनीला विचारणं हेच असतं. चुकीची एनसीबी घेतलेली निघाली की क्लेममध्ये कात्री लागते किंवा तो फेटाळलाच जातो. अडीच हजारांसाठी अडीच लाखांवर पाणी सोडलेले लोक मी गॅरेजच्या बाकावर बसलेले पाहिलेत. हा सल्ला फुकटातही महाग आहे.

वेताळटेकडी

काका, तुम्ही 'शून्य का ते तुम्हीच सांगा' म्हणालात तेव्हापासून कपाट उपसत होतो. सापडलं.

गेल्या मे महिन्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना खांबाला बंपर लागला. चूक माझीच, आरशात बघत होतो पण पेपरवाल्याशी बोलतही होतो. सर्व्हिसिंगला टाकली तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, 'साहेब, इन्शुरन्समध्ये करून टाकू, तुमचे फक्त हजार जातील.' बिल ५,९०० चं होतं. मी हजार भरले, सही केली, छान चकाचक गाडी घेऊन घरी आलो. हा 'क्लेम' झाला असं मला वाटलंच नव्हतं. मला वाटायचं क्लेम म्हणजे क्रेन, पोलीस, पंचनामा.

आता हिला काय सांगू?

पंचनामा

शंभरातल्या साठ लोकांचं हेच होतं, माझ्या टेबलावर तरी. हिशेब करू. गेल्या वर्षी तुमची एनसीबी २५ टक्के असणार. शिडी अशी असते: २०, २५, ३५, ४५, ५०. क्लेम घेतला नसता तर यंदा ३५ लागली असती, म्हणजे ७,३५४ वर २,५७४ आणि त्यावरचा जीएसटी धरून ३,०३७ रुपये. हे फक्त यंदाचे. पुढच्या वर्षी ४५ ऐवजी २०, मग ५० ऐवजी २५, मग ५० ऐवजी ३५. आयडीव्ही दरवर्षी उतरते म्हणून थोडं कमी धरलं तरी चार-पाच वर्षांत आठेक हजार जातात. मिळाले किती? ४,९००.

काउंटरवरच्या मुलाला दोष देऊ नका, त्याला गाडी आज बाहेर काढायची असते.

सहावा_गिअर

काका, एक शंका. तुमचा आठ हजारांचा हिशेब ६० टक्के सुटीवर आहे ना? समजा दुसऱ्या कंपनीने ७५ टक्के सूट दिली. मग ओडी येतो ४,५९६ आणि एनसीबी त्याच्यावर मोजली जाणार. मग तोटा पाचेक हजारांवर येतो, म्हणजे क्लेम आणि तोटा जवळजवळ फिट्टंफाट. म्हणजे जितकी सूट जास्त तितकी एनसीबीची किंमत कमी. मला तर वाटतं लोक एनसीबीला उगाच देव्हाऱ्यात बसवतात.

पंचनामा

बरोबर पकडलंत. देव्हाऱ्यात बसवू नका, पण सही करण्याआधी मोबाईलवर एक गुणाकार करा, एवढंच. आणि एक राहिलं: एनसीबी गाडीची नसते, मालकाची असते. गाडी विकताना कंपनीकडून तिचं पत्र घेतलं तर तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला लावता येते. विमा संपून नव्वद दिवस उलटले की मात्र ती गेली.

रंकाळ्यावरून

मग साडूंचं उत्तर मिळालं की! आमच्याकडे कोपरा चेपला की शाहूपुरीत नाहीतर शिरोलीला ओळखीचा डेंटर असतो. 'दोन हजार दे आणि संध्याकाळी ने.' क्लेमच्या कागदाला हातच लावत नाहीत लोक. त्यांची आधी जुनी गाडी होती का?

वेताळटेकडी

आत्ता फोन लावला. होती, दहा वर्षं जुनी अल्टो. विकताना त्याने ते पत्र घेतलं होतं. म्हणजे नव्या गाडीला पहिल्या दिवसापासून ५० टक्के. मी माझी जुनी गाडी भाच्याला दिली तेव्हा पेढे दिले, पत्र कसलं घेतोय.

साडूने पॉलिसीचा फोटो पाठवला. झिरो डेप सोडून एकही अ‍ॅड-ऑन नाही. ओडीला ७५ टक्के सूट, ओळखीच्या एजंटाकडून. आणि काका, एक मोठी गंमत आहे. त्याच्या पावतीत टीपीचा रकानाच रिकामा आहे! माझ्या गेल्या वर्षीच्या पावतीतही नव्हता. तो टीपीशिवाय फिरतोय की काय?

कोर्टाची_पायरी

नाही, फिरत नाहीये. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला टीपी तीन वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो. तुमच्या गटात तो १०,६४० रुपये, गाडीच्या ऑन-रोड किमतीत गेला म्हणून तुम्हाला आठवत नाही. तेव्हा पहिली तीन वर्षं तुम्ही फक्त ओडी भरत होतात. तुमची तीन वर्षं या नोव्हेंबरात संपली, ८,५२८ चे १८,९१५ होण्यात त्याचाही वाटा आहे. साडूंची गाडी फेब्रुवारी २०२३ ची. त्यांची फेब्रुवारी २०२६ ला संपतील.

आळसोबा

ओहोहो.

घाटाखालची

पिक्चर अभी बाकी है.

सहावा_गिअर

वेताळ भाऊ, तुमचं चालवणं वर्षाला चार हजार किलोमीटर. इर्डाने जुलै २०२२ पासून 'जेवढं चालवाल तेवढं भरा' प्रकारच्या पॉलिसींना परवानगी दिली आहे. किलोमीटरचा टप्पा निवडायचा आणि ओडोमीटरचा फोटो पाठवायचा. तेही विचारून बघा. ओडीतच फरक पडतो, टीपीत नाही.

आणि पीएचे ३३० बघा. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे, पण तेवढ्याच रकमेची वेगळी पॉलिसी आधीपासून असेल तर पुन्हा घ्यावा लागत नाही.

फुकटचा_सल्ला

आयडीव्ही कमी करून घ्या, हप्ता आपोआप कमी होतो. हा सल्ला बरोबर आहे ना काका?

पंचनामा

हप्ता कमी होतो हे बरोबर. गाडी चोरीला गेली की तेवढेच पैसे मिळतात हेही बरोबर. तीन वर्षांच्या गाडीला टॅरिफच्या तक्त्यात ३० टक्के घसारा आहे, आठ लाखांची गाडी असेल तर ५,६०,००० हा आकडा योग्य आहे. साडेचार लाख करून हजार-दीड हजार वाचवाल, ते करू नका.

वेताळटेकडी

शेवटचं अपडेट.

शोरूमचं कोटेशन सोडलं. तीन ठिकाणी विचारलं. किलोमीटरवाली पॉलिसी बघितली, पण यंदा मुलीच्या लग्नाची धावपळ आहे, टप्पा ओलांडेन असं वाटलं, म्हणून पुढच्या वर्षी. आयडीव्ही ५,६०,००० च ठेवली. ७५ टक्के सूट मिळाली, ओडी ४,५९६. झिरो डेप २,२४० आणि (रंकाळ्यावरून यांना स्मरून) इंजिन ८४०. चावी, टायर, कन्झ्युमेबल्स गेले. पीए गेला, बँकेतली १५ लाखांची वेगळी पॉलिसी निघाली. टीपी ३,४१६. जीएसटीसकट १३,०८९. म्हणजे ५,८२६ वाचले आणि आणखी एकोणीसशे वाचले असते, ते तो बंपर खाऊन बसला.

हिला एनसीबीचं सांगितलं. फार काही बोलली नाही. फक्त पेपरवाल्याचं बिल यापुढे तीच देणार आहे.

रंकाळ्यावरून

आणि साडूंना टीपीचं सांगितलं का? ३,४१६ वर जीएसटी, म्हणजे ४,०३१ वाढणार त्यांचे. सांगू नका, फेब्रुवारीत त्यांनाच धागा काढू दे.

वेताळटेकडी

सांगून बसलो, राहवलं नाही. मिनिटभर गप्प होता. मग म्हणाला, 'तुला आता सगळं कळतंय तर माझंही तूच कर.' त्याची आरसी बुक, जुनी पॉलिसी आणि आधार, तिन्हीचे फोटो रात्रीच आलेत. सासऱ्यांची गाडी मार्चमध्ये आहे.

चिरेबंदी

सासऱ्यांची कुठल्या रंगाची?